प्रयोगवहींतील वक्रीभवनांक आणि फडांतील ऊंस

विहिरीच्या पायऱ्या उतरतांना पाण्याखालची पायरी जवळ दिसते म्हणून पाय टाकावा आणि तो अंदाजापेक्षां खोल जावा, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांना लहानपणींच आलेला असेल. चार हात खोल पाणी वरून पाहणारास तीन हातच दिसतें. पाण्यांतून हवेंत येतांना प्रकाशाचा किरण वांकतो, त्यास पदार्थविज्ञानांत वक्रीभवन म्हणतात. आणि खऱ्या खोलीला दिसणाऱ्या खोलीनें भागिलें असतां, म्हणजे चाराला तिनानें भागिलें असतां, जो १.३३ अंक येतो तो पाण्याचा वक्रीभवनांक होय. शाळेच्या नव्या पुस्तकांत यास अपवर्तन व अपवर्तनांक असे शब्द आले आहेत. उदगीर हैदराबाद संस्थानांत, बीदर जिल्ह्यांत होतें त्या काळीं जे आमचे वडीलधारे उर्दूंतून शिकले, ते इन्इताफ म्हणत. शब्द तीन झाले, किरण मात्र पूर्वीं वांकत होता तितकाच वांकतो. आम्ही जुन्या संवयीनें वक्रीभवन हाच शब्द ठेवतों.

शेतकीच्या मासिकांत या किरणाचें काय काम, असें कोणी विचारील. उत्तर देण्यापूर्वीं एक प्रसंग सांगतों. गेल्या हंगामांत उदगीर तालुक्यांतील एका विद्यालयाची प्रयोगशाळा पाहण्याचा योग आम्हांस आला. वरच्या वर्गाचीं मुलें द्रवाचा वक्रीभवनांक काढण्याचा प्रयोग करीत होतीं. प्रयोग जुना व सोपा आहे. अंतर्गोल आरसा मेजावर उताणा ठेवावयाचा, त्याच्या वरच्या बाजूस उभ्या दांड्याला आडवी सुई अडकवावयाची, आणि वरून पाहत ती सुई खालींवर सरकवावयाची. एका ठिकाणीं सुई आणि तिची उलटी प्रतिमा टोकाला टोक लावून अशा जुळतात कीं, डोळा डावीउजवीकडे हलविला तरी त्या एकमेकींपासून सुटत नाहींत. आरशापासून सुईपर्यंतचें तें अंतर मोजावयाचें. मग आरशांत थोडेंसें पाणी ओतून पुन्हां तेंच करावयाचें. आतां सुई खालीं आणावी लागते. पहिल्या अंतराला दुसऱ्यानें भागिलें कीं पाण्याचा अंक आला. ४० सेंटिमीटरांचे ३० झाले, तर १.३३.

ज्या मुलाच्या मेजापाशीं आम्ही उभे राहिलों, त्याच्या वहींत हा १.३३ आरशांत पाणी पडण्यापूर्वींच शाईनें लिहिलेला होता. दोन्ही अंतरेंही त्यास जुळतील अशीं मागाहून बसविलेलीं होतीं. आम्हीं हंसून विचारलें, तेव्हां तो प्रामाणिकपणें म्हणाला, "सर, दुसरा अंक आला तर मार्क जातात." बोलतां बोलतां कळलें कीं, त्याच्या वडिलांचा दोन एकर ऊंस चौदा महिन्यांचा होऊन उभा आहे आणि तोड अजून आलेली नाहीं. आम्हीं विचारलें, "त्या उंसांत साखर आज जास्त आहे, कीं महिन्यापूर्वीं जास्त होती?" तो म्हणाला, "तें कारखान्यालाच ठावं, सर."

त्या मुलाचा दोष नाहीं. परंतु जें कारखान्यालाच ठावें असें तो म्हणाला, तें जाणण्याची रीत त्याच्या पुढ्यांतल्या आरशांत होती, आणि ती त्याला कोणीं सांगितली नव्हती. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, उदगीरसारख्या भागांतील शाळेंत हा प्रयोग निव्वळ पाणी आणि ग्लिसरीन यांवर न संपवितां उंसाच्या रसावर केला पाहिजे, आणि शेतकऱ्यानें तो फडांत नेला पाहिजे.

पाण्यांत साखर विरघळली कीं किरण अधिक वांकतो. २० अंश सेल्सिअस उष्णमानावर शुद्ध पाण्याचा अंक १.३३३० आहे, द्रावणाच्या शंभर भागांत दहा भाग साखर असेल तर तो १.३४७८ होतो, वीस भाग असेल तर १.३६३८. हें नातें इतकें पक्कें आहे कीं साखरेच्या धंद्यांतील तक्ते त्यावर रचलेले आहेत. या टक्केवारीलाच ब्रिक्स नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून ब्रिक्स अंश म्हणतात. जर्मनींतील येना येथें अर्न्स्ट आबे यानें १८७४ सालीं आपल्या वक्रीभवनमापकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याची युक्ति अशी कीं, द्रवाचा एक थेंब कांचांमध्यें दाबला कीं काम भागावें, आणि द्रव रंगीत असला तरी अडूं नये. हल्लीं आमचे तरुण शेतकरी ज्यास ब्रिक्स मीटर म्हणतात, तो हातांत धरावयाचा यंत्र त्याच घराण्यांतला आहे. थेंब टाकावा, उजेडाकडे धरावा, आणि निळ्या व पांढऱ्या भागांची सीमा ज्या रेघेवर पडेल ती वाचावी. साधा यंत्र सुमारें एक टन उंसाच्या किमतींत मिळतो. कारखान्यांचीं शेतकी खातीं तोडीचा कार्यक्रम आंखण्यापूर्वीं फडाफडांतून जी पक्वतेची पाहणी करतात, ती याच यंत्रानें.

आतां पैशाची गोष्ट. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाखालीं केंद्र सरकार दर हंगामास रास्त व किफायतशीर दर ठरवितें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनास ३,५५० रुपये ठरला. उतारा ०.१ टक्क्यानें वाढला तर क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे अधिक, उतरला तर तितकेच कमी, मात्र ९.५ टक्क्यांच्या खालीं उतारा गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांखालीं येत नाहीं. अर्धा टक्का उतारा म्हणजे टनास १७३ रुपये होतात. एकरीं ४० टन ऊंस धरला, तर एकरास ६,९२० रुपये. तोडणी-वाहतुकीची कपात होऊन हातीं जें राहतें त्याच्या मानानें ही रक्कम हलकी नव्हे.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. हा उतारा कोणा एका शेतकऱ्याच्या फडाचा नसतो. सबंध कारखान्याचा, सगळ्यांचा मिळून असतो. ज्यानें वेळेवर लागण केली, खतें जपून दिलीं, तोडीपूर्वीं पाणी थांबविलें आणि पक्का ऊंस घातला, आणि ज्यानें आदल्या आठवड्यापर्यंत पाणी देऊन वजन फुगविलें, त्या दोघांचा ऊंस एकाच गव्हाणींत पडतो आणि दोघांना टनास एकच भाव मिळतो. वजनाला कांटा आहे, गोडीला कांटा नाहीं. मग शेतकरी वजनाच्याच मागें लागला, यांत नवल तें काय? ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत प्रत्येक उत्पादकाच्या उंसांतील मिळण्याजोगी साखर कारखान्यावर मोजून त्यावर भाव देण्याची रीत कित्येक दशकें चालू आहे. आमच्याकडे एकेका शेतकऱ्याचा ऊंस अर्ध्या-एक एकराचा, टोळी दररोज नव्या बांधावर. प्रत्येक गाडीचा रस तपासणें खर्चाचें पडेल, ही कारखान्याची हरकत आम्हांस मान्य आहे. तथापि निदान गांववार किंवा गटवार तरी साखरेचें माप कां लागूं नये, हें आम्हांस कोणीं समजावून दिलेलें नाहीं. आणि तें मागावयाचें असेल तर मागणाऱ्याच्या हातीं स्वतःचे आंकडे हवेत. "आमचा ऊंस गोड आहे" या वाक्यावर कोणी भाव देणार नाहीं.

भावाची गोष्ट दूर ठेविली, तरी स्वतःच्या फडाचा अंक जाणल्यानें पुष्कळ कळतें. ऊंस बुडख्याकडून पिकत जातो. कच्च्या उंसाचा बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो. पिकत गेला कीं शेंड्याचा अंक बुडख्याच्या अंकाला येऊन मिळूं लागतो. दोहोंचा भागाकार एकाच्या जवळ आला कीं ऊंस पक्का झाला, आणि एकाच्या पुढें गेला कीं पिकण्याची वेळ टळून गेली, असें समजतात. लागण आधीं द्यावी कीं खोडवा, मळईंतला तुकडा आधीं कीं माळाचा, पाणी केव्हां तोडावें, हे प्रश्न मग तर्कावर राहत नाहींत. ज्या लातुराला २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्या जिल्ह्यांत ऊंस लावावा कीं नाहीं हा वाद स्वतंत्र आहे व तो आम्ही टाळीत नाहीं. पण लावलेल्या उंसाला शेवटचीं दोन पाणीं विनाकारण देऊन त्याची गोडी पातळ करावी, याचें समर्थन तर कोणत्याच पक्षाला करतां येणार नाहीं.

आमच्या गुऱ्हाळांवर हें ज्ञान दुसऱ्या रूपानें पूर्वींपासून आहे. गुळव्या काहिलींतला पाक थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी वळते कीं नाहीं हें बोटांनीं पाहतो. तें माप उत्तम आहे, पण तें गुळव्याबरोबर घरीं जातें. वहींत उतरत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कित्येक तरुणांनीं ब्रिक्स मीटर विकत घेतला आहे, आणि एका कांडीचा रस पिळून, एकदां पाहून, ते कारखान्याच्या गट कार्यालयांत भांडावयास जातात. हें शास्त्र नव्हे. बांधावरचा ऊंस आणि फडाच्या मध्यावरचा ऊंस सारखा नसतो. दहावीस बेटांतून, बुडख्याचा, मधल्या भागाचा व शेंड्याचा रस घ्यावा लागतो. उन्हाचाही परिणाम आहे. यंत्रावरील आंकडे २० अंश उष्णमानाचे असतात. दुपारीं रस व यंत्र ३० अंशांवर गेलें तर वाचन सुमारें पाऊण अंश कमी दिसतें, ४० अंशांवर दीड अंश. आपोआप दुरुस्ती करणारे यंत्रही बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच विश्वासाचे. सकाळीं घेतलेला एक अंक व भर दुपारीं घेतलेला दुसरा यांची तुलना करून ऊंस बिघडला असें म्हणणारा मनुष्य उन्हाला उंसाचा दोष लावीत असतो.

याहून मोठी फसगत आणखी एक आहे. ब्रिक्स म्हणजे रसांत विरघळलेलें सर्व कांहीं. त्यांत साखर मुख्य, पण क्षार आहेत व दाणेदार न होणारी साखरही आहे. खारवट जमिनींतल्या उंसाचा अंक चांगला दिसून उतारा कमी पडूं शकतो. आणि तोडलेला ऊंस तीन-चार दिवस उन्हांत पडला, तर त्यांतलें पाणी उडून जातें, साखर विघटित होऊं लागते, आणि ब्रिक्स मात्र वाढलेला दिसतो! साखर घटत असतां यंत्र वाढ दाखवितो. खरी साखर पाहण्यास ध्रुवणमापी लागतो, तो प्रयोगशाळेचें काम आहे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा १९३२ पासून चालू असलेलें पाडेगांवचें संशोधन केंद्र यांच्या शिफारशी वाचतांना ब्रिक्स आणि शुद्धता हे दोन शब्द वेगळे कां येतात, तें यावरून कळेल.

आणि म्हणूनच हा विषय आम्ही यंत्रविक्रेत्यांवर न सोडतां शाळेंत नेऊं पाहतों. त्याच आरशाच्या प्रयोगांत पाण्याऐवजीं वीस टक्के साखरेचें द्रावण घातलें, तर सुई ३० सेंटिमीटरांऐवजीं सुमारें २९.३ वर येईल. निव्वळ पाणी आणि पक्क्या उंसाचा रस यांत फरक जेमतेम सात मिलिमीटरांचा. अठरा आणि वीस टक्के यांत तर एका मिलिमीटराहूनही कमी. डोळ्यानें सुई जुळवितांना एक मिलिमीटराची चूक सहज होते. म्हणजे ही रीत पाणी व रस ओळखील, पण पक्का ऊंस आणि अर्धा कच्चा ऊंस यांत निवाडा करूं शकणार नाहीं. मुलाला हें स्वतःच्या हातानें कळलें, तर आपलें माप कोठपर्यंत खरें हें पाहण्याची संवय त्यास लागेल, आणि १.३३ आधींच लिहून ठेवणाऱ्याला ती कधींच लागणार नाहीं.

पुढची पायरी पोकळ लोलकाची. सूक्ष्मदर्शकाच्या तीन कांचपट्ट्या लाखेनें जोडून साठ अंशांचा पोकळ लोलक शाळेंतच करतां येतो. त्यांत पाणी भरलें तर किरण कमींत कमी २३ अंश ३६ कलांनीं वळतो, वीस टक्के साखरेच्या द्रावणानें जवळजवळ २६ अंशांनीं. एका ब्रिक्स अंशास सुमारें ७ कला पडतात. टांचण्या व कोनमापक घेऊन अर्ध्या अंशापर्यंत वाचणाऱ्यास चार ब्रिक्स अंशांचा घोळ राहील. महाविद्यालयांत जो वर्णपटमापी असतो तो एक कला वाचतो, त्यास घोळ राहणार नाहीं. रस मात्र फडक्यांतून दोनदां गाळून, निवळू देऊन घ्यावा. गढूळ रसांतून किरण पलीकडे पोंचत नाहीं. थेंबावर काम भागविण्याची आबेची युक्ति किती मोलाची, हें या वेळीं मुलांना न सांगतां कळेल.

उंसावरच थांबण्याचें कारण नाहीं. आमच्या भागांत करडई आणि जवस यांचें तेल घाण्यावर काढतात. प्रत्येक तेलाचा वक्रीभवनांक आपापल्या मर्यादेंत असतो. भुईमुगाहून करडईचा वर, करडईहून जवसाचा वर, आणि पामतेलाचा या सर्वांच्या खालीं. तुपासाठीं या मापाचा वेगळा यंत्र आहे. १९५५ च्या अन्नभेसळ नियमांत ४० अंश उष्णमानावर महाराष्ट्रांतील तुपाचा अंक त्या यंत्रावर ४० ते ४३ धरलेला होता, आणि जेथें गुरांना सरकी फार घालतात त्या कापूसपट्ट्यासाठीं मर्यादा निराळी, थोडी वरची. म्हणजे गाईनें काय खाल्लें तें तिच्या तुपांतून जाणाऱ्या किरणाला कळतें! देवणी गाईंच्या या मुलुखांत ही गोष्ट मुलांना सांगितली, तर तीं विसरणार नाहींत. दूध मात्र या प्रयोगांत घेतां येत नाहीं, कारण त्यांतील स्निग्धाचे सूक्ष्म गोळे प्रकाश विखरून टाकतात. त्यासाठीं लॅक्टोमीटर आहे. तो घनता पाहतो, आणि पाणी घालून वर साखर टाकणारा त्यासही चकवितो.

शिक्षकांची हरकत आम्हांस ठाऊक आहे. अभ्यासक्रम ठरलेला, परीक्षक बाहेरचा, तास थोडे. पण आम्ही नवा प्रयोग मागत नाहीं. आरसा तोच, सुई तीच. शेवटीं पाण्याच्या जागीं पेलाभर रस, एवढेंच. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आणि गाळपाचा हंगाम हे ऐन थंडींत एकत्रच येतात, तेव्हां रस मिळण्याचीही पंचाईत नाहीं. साखर किराण्याच्या दुकानीं मिळते; तराजूवर तोलून पांच, दहा, पंधरा, वीस टक्क्यांचीं द्रावणें केलीं, त्यांचे अंक काढून आलेख मांडला, आणि मग वडिलांच्या फडांतील रस त्यावर बसवून पाहिला, तर एका तासाचें काम आहे. त्या आलेखावर रसाचा बिंदु कोठें पडेल हें गुरुजींनाही आधीं माहीत नसेल, म्हणून उत्तर आधीं लिहून ठेवण्याची सोयच उरणार नाहीं. तालुक्याच्या ज्या सोसायट्यांपाशीं पैसा आहे, त्यांनीं एकेक वक्रीभवनमापक घेऊन गांवच्या विद्यालयांत ठेवावा, आणि हंगामांत शेतकऱ्यास तो तेथेंच वापरूं द्यावा. घरोघर यंत्र घेण्याची जरूर नाहीं. यंत्र कपाटांत धूळ खात पडण्यापेक्षां दहा हातांतून फिरून थोडा झिजला तरी चालेल.

या हंगामांत ज्या शाळा किंवा जे शेतकरी असें माप घेतील, त्यांनीं आपले अंक आमच्याकडे धाडावेत. त्याबरोबर उंसाची जात, लागण कीं खोडवा, लागणीचा महिना, शेवटचें पाणी कोणत्या दिवशीं दिलें, जमीन खारवट आहे कीं कसें, रस किती बेटांतून व कांडीच्या कोणत्या भागांतून घेतला, माप किती वाजतां घेतलें आणि त्या वेळीं उष्णमान किती होतें, एवढें लिहावें. तोडल्यावर घेतलें असेल तर तोडून किती तास झाले तेंही लिहावें. जुळणारे व न जुळणारे, सर्व अंक आम्ही जसे येतील तसे छापूं.